बारशाआधी झबलं: लेप आणि घडाई एकत्र कशी जुळवायची

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये डाव्या हाताला प्रेस आहेत आणि उजव्या हाताला टाक्या. मधे चार फुटांची वाट. प्रेस सासऱ्यांचे, टाक्या माझ्या. मी सयाजीराव विद्यापीठातून केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि पत्रा दाबणाऱ्यांच्या घरात पडले. पहिली काही वर्षं माझं काम बिलं लिहिण्याचं होतं. पुढे बाहेर लेपाला पाठवलेला माल वारंवार गंजून परत येऊ लागला, तेव्हा टाक्या आपल्याच शेडमध्ये मांडल्या.

सासऱ्यांचा नियम असा: आधी पार्ट घडवा, मग लेप द्या. ब्लँकलाच, म्हणजे घडवण्याआधीच्या सपाट गोल चकतीलाच, लेप देऊन तो प्रेसवर घेऊ म्हटलं की ते म्हणायचे, "सूनबाई, मूल जन्मायच्या आधी झबलं शिवत नाहीत." मी म्हणायचे, "बाबा, हे झबलं घातल्याशिवाय मूल जन्मतच नाहीये." कारण वाट्या फाटत होत्या.

एखादा पार्ट प्रेसवर फाटतो आणि बाहेर गेला की गंजतो, अशा वेळी नवी पद्धत कशी शोधायची ते मी त्या एका वाटीवरूनच सांगते. तुमचा पार्ट वेगळा असेल, आकडे बदलतील, पण शोधायची रीत फारशी बदलणार नाही.

पार्ट, आणि लेपाने काय करू नये

दोन मिलिमीटर जाडीच्या ईडीडी, म्हणजे खोल ओढकामाच्या, पत्र्याची वाटी, तोंडाशी फ्लँज म्हणजे बाहेर वळलेली सपाट कड. फ्लँज ९० मिलिमीटर, आतला व्यास ४७, खोली २२. आत ६२०४ नंबरचं बेअरिंग बसतं, फ्लँजला तीन भोकं आणि ती बोल्टने कन्व्हेयरच्या चौकटीला आवळायची. कन्व्हेयर खंभातच्या आखाताच्या काठावर, मिठाच्या आगरात. म्हणजे गंज चढायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

अशा वेळी सगळे आधी विचारतात, "कुठला लेप द्यायचा?" मी वहीत आधी उलटं लिहिते: लेपाने काय बिघडवता कामा नये. इथे ड्रॉइंगमध्ये आतला व्यास ४६.९७५ ते ४७.००० होता. पंचवीस मायक्रॉनची मुभा. आता समजा दहा मायक्रॉनचं झिंक प्लेटिंग केलं. ते दोन्ही भिंतींवर चढतं, म्हणजे व्यासातून वीस मायक्रॉन गेले. उरले पाच, त्यात प्रेसने वाटी घडवायची! शिवाय खोल वाटीत करंट सारखा पोचत नाही. काठावर झिंक जाड बसतं आणि तळाच्या कोपऱ्यात नावापुरतं, त्यामुळे बेअरिंग तोंडाशीच अडकतं. गरम झिंकमध्ये बुडवायचा तर विचारही नको. ती टाकी ४५० अंशांच्या आसपास असते आणि थर पन्नास मायक्रॉनच्या घरात जातो.

म्हणजे आतल्या बाजूला पातळ, सारखा आणि प्रेसचा दाब सोसणारा लेप हवा, आणि बाहेरून मिठाला तोंड देणारा जाड. एकाच पार्टला दोन लेप. हे पान लिहिलं तेव्हाच निम्मं काम झालं होतं, पण ते कळायला आठ महिने गेले.

वाटी कुठे फाटते ते आधी बघा

ब्लँकचा व्यास काढायचा हिशेब कारखान्यात पाठ असतो: फ्लँजच्या व्यासाचा वर्ग, अधिक चार गुणिले वाटीचा व्यास गुणिले उंची, आणि या बेरजेचं वर्गमूळ. व्यास पत्र्याच्या मध्यरेषेवरचा घ्यायचा, इथे ४९. फ्लँज ट्रिमिंगसकट ९४ धरली की उत्तर ११५ च्या थोडं खाली येतं. आम्ही ११६ घेतला.

११६ चा ब्लँक एका झटक्यात ४९ वर आणायचा म्हणजे गुणोत्तर २.३७. चांगला ओढकामाचा पत्राही एका ड्रॉला, म्हणजे प्रेसवरच्या एका ओढीला, दोनच्या आसपास दम सोडतो. सासऱ्यांना हे ठाऊक होतं, पण गिऱ्हाईकाला एकाच डायचे (साच्याचे) पैसे द्यायचे होते. मग तेल बदल, प्रेसचा दाब वाढव, असं सुरू झालं. दर दहाव्या-बाराव्या वाटीला ऑपरेटरची हाक यायची, "बेन, पाछुं फाट्युं." (ताई, पुन्हा फाटलं.)

प्रेसचा दाब वाढवून काहीही होणार नसतं, आणि का ते एकदा मांडून बघा. पंच, म्हणजे डायमध्ये शिरणारा ठोकळा, तळाला ढकलतो, पण फ्लँजमधला पत्रा आत ओढला जातो तो वाटीच्या भिंतीतून. दोरीने बादली ओढावी तसं. ती भिंत किती वजन पेलेल? परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची ताकद. ४९ व्यासाला, ३२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरून, साधारण दहा टन. प्रेस साठ टनांचा असला तरी दोरी दहा टनांचीच. त्या दहा टनांतून पत्र्याचा आकार बदलायला किती लागतात आणि ब्लँक होल्डर (ब्लँकची कड दाबून धरणारी कडी) व डायच्या गोलाईवरच्या घर्षणात किती वाया जातात, एवढाच प्रश्न उरतो. वाटी नेहमी तळाच्या गोलाईच्या किंचित वर फाटते, कारण तिथे पत्रा सगळ्यात पातळ झालेला असतो. आमची फाटलेली वाटी कापून टोकदार मायक्रोमीटरने मोजली तर २.०० चा पत्रा तिथे १.६ वर आला होता.

शेवटी दोन ड्रॉ करायचे ठरले. पहिला ११६ वरून ६२ वर, गुणोत्तर १.८७. दुसरा ६२ वरून ४९ वर, म्हणजे एकवीस टक्के कपात. ६२ व्यासाला भिंत तेरा टनांच्या जवळपास पेलते, त्यामुळे जरा श्वास मिळतो. लागेल तो पत्रा पहिल्याच ड्रॉमध्ये आत ओढून घ्यायचा, चिमूटभर जास्तच. दुसऱ्या ड्रॉमध्ये फ्लँज हलता कामा नये, कारण ती एव्हाना कडक झालेली असते आणि हलली की तळ फाडते. डायची गोलाई १२ मिलिमीटर, पंच आणि डायमधली फट २.२. ब्लँक होल्डर दोन टनांपासून सुरू करून सुरकुत्या थांबेपर्यंतच वाढवायचा. काठाला कान, म्हणजे उंचसखल लाटा, आले तर घाबरू नका, ते पत्र्याच्या लाटण्याच्या दिशेमुळे येतात आणि ट्रिमिंगमध्ये जातात.

पण दुसऱ्या ड्रॉला तेल टिकेना. पहिल्या ड्रॉमध्ये ते पिळून निघायचं, डायवर पत्र्याचे कण चिकटायचे आणि वाटीच्या अंगावर उभे ओरखडे. मधे धुवा, पुन्हा तेल लावा, तर गिऱ्हाईकाचा भाव पार बुडतो. टाकीची गरज इथे पडली.

कल्हईवाल्याकडून शिकलेलं

माझं माहेर दांडिया बाजारातलं. वाड्याच्या चौकात वर्षातून दोनदा कल्हईवाला बसायचा. भाता, खड्डा, कोळसे. पातेलं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, नाक झोंबायचं, आणि दुसऱ्या क्षणाला कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचा. काळं पातेलं चांदीसारखं. आम्ही पोरं चांदीकडे बघायचो. मला मोठेपणी कळलं की सगळी करामत धुरात होती. नवसागर तापला की त्याचं विघटन होऊन आम्ल सुटतं, ते भांड्यावरची ऑक्साइडची साय खातं, आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील चिकटतं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे फार तापवलं की तेही काळं पडतं. तो हात लावून नव्हे, वासावरून वेळ ओळखायचा.

गरम झिंकच्या कारखान्यातही लोखंड आधी झिंक आणि नवसागर यांच्या क्षारात बुडवतात, त्याच कारणासाठी. म्हणून टाकीशी काम करणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी सांगते: लेप बसतो तो लेपाच्या आधीच्या मिनिटात. तेल, गंज, बोटांचे ठसे, कडक पाण्याचे डाग, यांतलं काहीही राहिलं तर पुढची महागडी रसायनं फुकट.

फॉस्फेटची टाकी कशी चालवायची

लोखंड फॉस्फोरिक आम्ल आणि झिंकच्या द्रावणात बुडवलं की पृष्ठभागाचं थोडं लोखंड विरघळतं. तिथल्यातिथे आम्लता कमी होते आणि झिंक फॉस्फेटचे बारीक स्फटिक लोखंडातूनच उगवल्यासारखे बसतात. राखाडी, मखमली थर. हा रंगासारखा वर लावलेला नसतो, म्हणून पत्रा वळला तरी तो पापुद्रा होऊन निघत नाही. मग तो थर गरम साबणाच्या टाकीत गेला की सोडियम स्टिअरेटचा काही भाग फॉस्फेटमधल्या झिंकशी संयोग पावून झिंकचा साबण होतो. स्फटिकांच्या फटीत मेण भरल्यासारखं. तेल पिळून निघतं, हे निघत नाही.

यात माझा शोध काही नाही. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये कोस्लेटने फॉस्फोरिक आम्लात लोखंडाचा कीस घालून गंजरोधक लेपाचं पेटंट घेतलं. लोक अठ्ठावीस वर्षं तो गंजासाठीच वापरत राहिले. १९३४ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ झिंगरने तोच थर घडाईच्या आधी दिला, ओढकामाला निसरडा थर म्हणून, आणि नळ्या, तारा, वाट्या ओढण्याचं काम बदलून गेलं. लेप तोच, नुसती जागा बदलली. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्या जर्मनानेही बारशाआधी झबलं शिवलं." त्या दिवशी मला पन्नास ब्लँक मिळाले.

आता क्रम. गरम अल्कलीत तेल काढा, ६० ते ७० अंश. वाहत्या पाण्यात दोनदा धुवा. पत्रा स्वच्छ सीआर (थंड लाटलेला) असेल तर आम्लाची टाकी टाळाच. गंज नसताना आम्लात घातलं की स्फटिक भरड उगवतात. मग टायटॅनियमच्या क्षाराची थंड टाकी अर्धा-एक मिनिट. तिच्यात अतिसूक्ष्म कण पत्र्यावर बसतात आणि प्रत्येक कणाभोवती एक स्फटिक वाढतो. कण जास्त तितके स्फटिक बारीक. बेअरिंगच्या जागी भरड स्फटिक नकोत, ते दाबाखाली पीठ होतात, म्हणून ही टाकी मी वगळत नाही. तिचं पाणी मात्र जुनं झालं की निकामी होतं. आमच्या बोअरच्या खारट, जड पाण्याने ती चार दिवसांत मरायची. आता तिला आरओचं पाणी घालते आणि आठवड्याला बदलते. त्यानंतर फॉस्फेट, पाणी, साबण ७५ अंशांवर, आणि गरम हवेत कडकडीत सुकवणं.

टाकीची तब्येत रोज सकाळी बघावी लागते. दहा मिलिलिटर द्रावण काचेच्या चंबूत घ्या, ब्रोमोफिनॉल ब्लूचे दोन-तीन थेंब टाका, पिवळं दिसेल. ब्युरेटमधून दशांश नॉर्मल कॉस्टिक सोडत जा. पिवळा जाऊन निळसर जांभळा झाला की थांबा. जितके मिलिलिटर लागले तितके मुक्त आम्लाचे पॉइंट. तसाच दुसरा नमुना फिनॉल्फ्थॅलिनवर, गुलाबी होईपर्यंत, तो एकूण आम्लाचा पॉइंट. रसायनवाला सांगेल तो आकडा भिंतीवर लिहा, पण लक्ष दोन्हींच्या गुणोत्तरावर ठेवा. मुक्त आम्ल वाढलं तर पत्रा नुसता खाल्ला जातो, थर बसत नाही. फार घटलं तर फॉस्फेट पत्र्यावर बसायच्या ऐवजी टाकीतच गाळ होऊन खाली जातं. पोरं टाकी "मंद चालते" म्हणून उष्णता वाढवतात आणि सगळं झिंक गाळात घालवतात. माझं त्यावरून दोन वेळा खरंखुरं भांडण झालं आहे.

थर किती बसला हे डोळ्यांनी कळत नाही. शंभर बाय शंभर मिलिमीटरची पट्टी फॉस्फेट करा (साबणाच्या आधीच), सुकवा, तोला. पाच टक्के क्रोमिक आम्लात ७५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवून थर काढा, धुवा, सुकवा, पुन्हा तोला. दोन्ही बाजू मिळून क्षेत्र ०.०२ चौरस मीटर. फरक ०.१२ ग्रॅम आला तर थर सहा ग्रॅम प्रति चौरस मीटर. रंगाखाली दोन ते चार ग्रॅम पुरतात, ओढकामाला पाच ते दहा हवेत. आमच्या वाटीला सहा-सातच्या मधे सगळ्यात चांगली ओढ मिळाली. दहाच्या पुढे पंचाखाली राखाडी पीठ साचू लागलं. क्रोमिक आम्ल कॅन्सरकारक आहे. छोटं बीकर, हातमोजे, चष्मा, धूर खेचणारा पंखा, आणि ते उरलेलं आम्ल मोरीत ओतायचं नाही.

जुलैत एक नवीच कटकट निघाली. साबण लावलेले ब्लँक संध्याकाळी कोरडे होते, सकाळी चिकट. सोडियम साबण हवेतला ओलावा ओढतो आणि बडोद्याच्या पावसाळ्यात हवेत ओलावाच ओलावा. आता ब्लँक पावडर कोटिंगच्या भट्टीशेजारी लोखंडी कपाटात ठेवते आणि लावल्यापासून एका दिवसात प्रेसवर घेते.

पंचला पॉलिश करू नका

यावर सासरे आठवडाभर बोलले नव्हते. त्यांना पंच आरशासारखा लागतो. पण विचार करा: डायच्या बाजूला घर्षण वाईट, कारण तिथे पत्रा सरकायला हवा. पंचाच्या बाजूला घर्षण चांगलं, कारण पंचाने पत्रा धरून ठेवला तर तळाच्या गोलाईवरचा ताण वाटला जातो. फॉस्फेट आणि साबण ब्लँकच्या दोन्ही बाजूंना बसतात, म्हणजे पंचही निसरडा झाला. पहिल्या पन्नासांत ओरखडे गेले, पण तळाच्या गोलाईवरची जाडी १.६५ वरच अडली.

मी पंचाच्या नाकाशी ओला कपडा घेऊन साबण पुसायला सुरुवात केली, फक्त आतल्या बाजूचा. १.७४ झाली. मग बाबांनी स्वतःच, काही न बोलता, पहिल्या ड्रॉच्या पंचाच्या टोकावर एमरी कागद आडवा फिरवला. पुसायची गरज उरली नाही. दुसऱ्या ड्रॉचा आणि सायझिंगचा, म्हणजे शेवटी नेमका व्यास आणणारा, पंच मात्र त्यांनी आरशासारखाच ठेवला आणि तिथे त्यांचंच बरोबर होतं, कारण तिथे बेअरिंगची जागा घासून नीट होते.

पत्रा कुठे किती ताणला जातो हे बघायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फॉस्फेट केलेल्या राखाडी ब्लँकवर कंपासने पाच मिलिमीटरची वर्तुळं कोरा. ओढल्यावर वर्तुळांचे लांबट अंडे होतात. ज्या अंड्याची रुंदी तितकीच राहून लांबी वाढली आहे, फाटण्याची जागा तीच. मी अशी एक वाटी टेबलावर ठेवली आहे, नवीन माणसाला तीच दाखवते.

सायझिंगचा पंच बनवताना एक चूक टाळा. व्यास ड्रॉइंगवरून काढू नका. लेपासकट दहा वाट्या काढा, बोअर गेजने मोजा, पत्रा किती परत उघडतो ते बघा आणि मग पंच ग्राइंड करा. आमचा तिसऱ्या वेळी जुळला.

बाहेरचा लेप: तीन प्रयत्न

फॉस्फेट आणि तेल गोदामात पुरतं, मिठाच्या आगरात नाही. बाहेरून जाड काहीतरी हवंच होतं.

पहिला प्रयत्न झिंक फ्लेकचा, म्हणजे झिंकच्या बारीक पापुद्र्यांच्या लेपाचा. पातळ, विजेशिवाय बसणारा, त्यामुळे लोखंडात हायड्रोजन घुसून तडकायची भीती नाही. (मऊ पत्र्याला ती तशीही नसते, पण स्प्रिंग वॉशर किंवा ४० रॉकवेलच्या कडकपणाचे बोल्ट विजेने प्लेट केलेत तर काही तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास भाजायला विसरू नका. नाहीतर ते आवळल्यावर दुसऱ्या दिवशी आपोआप तुटतात.) साबण धुऊन वाट्या बाहेर लेपाला दिल्या, ३०० अंशांवर भाजून आल्या. देखण्या. चिकटपट्टी लावून ओढली तर लेप पट्टीसोबत आला, आणि खाली राखाडी पीठ. चूक माझी होती, लेपवाल्याची नाही. झिंक फॉस्फेटच्या स्फटिकात पाण्याचे चार रेणू असतात. तापवत गेलं की ते निघून जातात आणि अडीचशेच्या वर स्फटिक पार कोरडा, भुसभुशीत. मी वाळूवर घर बांधलं होतं.

दुसरा प्रयत्न पावडर कोटिंगचा. ती १९० अंशांवर दहा मिनिटांत पिकते, तेवढं फॉस्फेट सोसतं. पण भट्टीतून वाटी निघाली ती देवीच्या व्रणांसारखे खड्डे घेऊन. सोडियम साबण धुतला जातो, झिंकचा साबण पाण्याने किंवा हलक्या अल्कलीने जात नाही. तो स्फटिकांत दडून बसतो, १२०-१३० अंशांना वितळतो आणि पावडरखालून वर येतो. त्याला काढायला जोरदार अल्कली वापरली तर फॉस्फेटही जातं, आतल्या बाजूचंसुद्धा.

म्हणजे आतून राहू द्यायचा आणि बाहेरून काढायचा. हे वाक्य मी संध्याकाळी घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना मोठ्याने म्हटलं. मुलगा म्हणाला, "मग आतून बूच लाव ना." इतकं सोपं होतं.

तिसरा प्रयत्न: सिलिकॉन रबरचं बूच, जरा निमुळतं, बेअरिंगच्या जागेत घट्ट बसणारं. बूच लावून बाहेरून बारीक ग्रिटने ब्लास्टिंग, साबण आणि फॉस्फेट दोन्ही साफ. मग त्याच बुचासकट झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर पावडर, वर पॉलिएस्टरची पावडर. नुसती इपॉक्सी उन्हात खडूसारखी होते म्हणून वरची पॉलिएस्टर. भट्टीतून निघाल्यावर बूच काढायचं आणि आतल्या राखाडी थरावर गंजरोधक तेलाचा हात. ब्लास्टिंगपासून भट्टीपर्यंत बूच एकदाही निघत नाही, हीच आमची पद्धत. आधी ब्लास्टिंगला एक आणि पावडरला दुसरं बूच होतं. बदलताना ग्रिटचा एखादा कण आत जायचा आणि बेअरिंग करकरायचं. ब्लास्टिंगनंतर पावडर लगेच, पावसाळ्यात तर त्याच तासात.

तपासणी

सॉल्ट स्प्रेमध्ये पाच टक्के मिठाचं धुकं, ३५ अंश, तुकडे उभ्या रेषेपासून १५ ते ३० अंश कललेले. गिऱ्हाईक तास मागतं म्हणून ते करायचं. दोन लेपांची तुलना करायला ते चांगलं आहे, पण इतके तास म्हणजे इतकी वर्षं असा कोणी हिशेब दिला तर चहा पाजून वाटेला लावा. पावडरला सुऱ्याने दोन मिलिमीटरची जाळी कोरून चिकटपट्टी ओढा, हे रोज. आणि वीस वाट्या गिऱ्हाईकाच्या विनवण्या करून खुद्द आगरात टांगा, पावसाळ्याच्या आधी. आमच्या वीसपैकी तीन फ्लँजच्या भोकाच्या कडेला गंजल्या. भोकं ब्लास्टिंगनंतर पाडली होती. आता आधी पाडतो.

नोंद, पेटंट आणि सांडपाणी

रोजची वही तारीख टाकून, पानं क्रमाने, फसलेले प्रयोगही. पेटंटला जायचं असेल तर आधी कुणाला दाखवू नका, प्रदर्शनात तर नाहीच. तात्पुरता मसुदा दाखल केला की पूर्ण मसुद्याला बारा महिने मिळतात. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, गुजरातचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. पण आपल्या कायद्याचं कलम ३ आधी वाचा. माहीत असलेली पद्धत नुसती वापरली, तिच्यातून नवी वस्तू निघाली नाही किंवा नवा अभिकारक आला नाही, तर तो शोध धरत नाहीत. दोन पदार्थ नुसते मिसळले आणि प्रत्येकाने आपापला गुण दाखवला, तेही नाही. आमच्या बुचावर मी अर्ज केला नाही. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि शेजारच्या शेडमध्ये कोण कुठलं बूच लावतं ते तपासायला मी काही भिंतीवर चढणार नाही.

फॉस्फेटचं धुणं चुन्याने नऊच्या आसपास पीएचवर आणा, झिंक आणि फॉस्फेट दोन्ही गाळात बसतात. तो गाळ घातक कचरा आहे, साध्या कचऱ्यात टाकायचा नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते मीच करते.

बडोद्यात कलाभवन १८९० मध्ये निघालं, प्राध्यापक गज्जरांच्या पुढाकाराने. रंगाची रसायनं आणि यंत्रकाम एकाच छपराखाली शिकवत. आमच्या शेडमधली ती चार फुटांची वाट गेल्या वर्षी बाबांनी बंद केली. तिथे आता ब्लँकचं कपाट उभं आहे, प्रेसवाल्यांना आणि टाकीवाल्यांना दोघांनाही उघडता येतं.

बुचाचं एक राहिलं. सिलिकॉन दोनशे अंश सहज सोसतं, पण रोज भट्टीत जाऊन हळूहळू निबर होतं. नखाने दाबा. खळगा लगेच भरून आला तर ठेवा, पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर फेका. आणि बुचांना नंबर टाका. आमच्या चोवीसमधलं अकरा नंबरचं नेहमी सापडत नाही. ते बाबांच्या टेबलावर, बिलांवर ठेवलेलं असतं.